नवे दात बसवण्याआधी जुने का गेले ते शोधा

पत्र लिहिणाऱ्या बाई 54 वर्षांच्या आहेत, नोकरी करतात. पंचेचाळिशी उलटेपर्यंत त्यांना दातांचं फारसं दुखणं नव्हतं. गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र एकामागून एक दात किडत गेले. तीन दातांचं रूट कॅनल झालं, खालच्या दोन दाढा काढाव्या लागल्या आणि आता पुढच्या दातांना हिरडीलगत तपकिरी कडा दिसायला लागल्या आहेत. नेहमीच्या डेंटिस्टने वर्षभराचा कार्यक्रम आखून दिला: आठ ठिकाणी फिलिंग, चार क्राऊन (दात घासून त्यावर बसवायच्या टोप्या), गेलेल्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा खुंट आणि त्यावर दात). खर्चाचा आकडा ऐकून त्या हबकल्या. मग ओळखीतून परदेशातल्या एका क्लिनिकचं नाव कळलं. मोबाइलवर पाठवलेले फोटो आणि एक एक्स-रे पाहून तिथून उत्तर आलं की 20 क्राऊन आणि 4 इम्प्लांट, सगळं एका आठवड्यात होईल. विमानभाडं धरूनही खर्च घरच्या डेंटिस्टपेक्षा कमी. आगाऊ रक्कम महिनाअखेरपर्यंत भरली तर आणखी सवलत. मुलगा म्हणतो, एकदाच जा आणि मोकळी हो. नवऱ्याला धास्ती वाटते. बाई लिहितात, "आमच्या घराण्यातच दात कच्चे. आईला पन्नाशीत कवळी लागली. एकेक दात वाचवत बसण्यापेक्षा सगळेच बदलून टाकले तर किडीची कटकट कायमची संपेल ना? हसताना तोंडावर हात धरायचा मला आता कंटाळा आलाय." पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी हेही लिहिलं आहे की नैराश्यावरची आणि ॲलर्जीची गोळी रोज चालू आहे, तोंड सारखं कोरडं पडतं, आणि म्हणून पर्समध्ये आंबटगोड गोळ्या कायम असतात.

ताई,

हसताना तोंडावर हात धरण्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, पण बाकी सगळं त्यातूनच आलंय असं मला वाटतं. पाच-सहा वर्षं दातांनी छळलेला माणूस "एकदाचं काय ते होऊन जाऊ दे" या टोकाला येतो. त्यात काही चुकीचं नाही. दात खराब असण्याची लाज वाटते, प्रत्येक वेळी खुर्चीत बसलं की नवीन काहीतरी निघतं, आणि डॉक्टरांसमोर आपण निष्काळजी ठरतो अशी बोच लागते. तुमच्या पत्रावरून तुम्ही निष्काळजी मुळीच वाटत नाही. उलट दात इतके भराभर का गेले याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ते तुम्ही शेवटच्या दोन ओळींत, सहज म्हणून लिहून टाकलं आहे.

आधी घराण्याचं बोलू. दात जन्मतः कच्चे असण्याचे आजार आहेत, पण ते लहानपणापासून दिसतात. इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, पातळ असतं, दात पिवळट निघतात, लवकर झिजतात. तुमचे दात पंचेचाळिशीपर्यंत टिकले. म्हणजे बांधणी बरी होती. आईला पन्नाशीत कवळी लागली हे खरं, पण एका घरात राहणारी माणसं दातांपेक्षा सवयीच जास्त वारशाने घेतात: किती वेळा गोड खायचं, दात कधी घासायचे, दुखेपर्यंत डॉक्टरकडे जायचं नाही वगैरे. किडीला कारण होणारे जंतूसुद्धा बहुतेक वेळा आईच्या लाळेतून बाळाच्या तोंडात येतात. तेव्हा "आमचे दातच असे" हे वाक्य तूर्त बाजूला ठेवा. ते मनात धरलं की काही करण्यात अर्थ उरत नाही, आणि इथे करण्यासारखं भरपूर आहे.

मला दिसतं ते असं. तुमच्या गोळ्या सुरू झाल्या, लाळ कमी झाली, तोंड ओलं राहावं म्हणून तुम्ही आंबटगोड गोळ्या चघळायला लागलात, आणि दात गेले. तारखा जुळतात का ते तुम्हीच आठवून पाहा. नैराश्यावरची बरीच औषधं, ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, रक्तदाबावरची काही औषधं, लघवीच्या तक्रारीवरच्या काही गोळ्या, यांनी लाळ आटते. आणि लाळ हे दातांचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. खाल्लेलं धुऊन नेते, आम्ल निवळवते, आणि इनॅमलमधून विरघळून गेलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत आणून बसवते. हा व्यवहार रोज दिवसभर चालू असतो. दात थोडा विरघळतो, थोडा भरून येतो. विरघळणं जास्त झालं की कीड.

1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफन नावाच्या संशोधकाने माणसांच्या दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थराची आम्लता मोजली. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) घसरतो आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. इनॅमल विरघळायला लागतं ते 5.5 च्या आसपास. हिरडी सरकून उघड्या पडलेल्या मुळाला मात्र इनॅमलचं कवच नसतं, ते त्याआधीच, 6 च्या वर असतानाच विरघळायला लागतं. आता तुमच्या पर्समधली गोळी या हिशेबात ठेवून बघा. तिच्यात साखर आहे आणि वर आंबटपणाही आहे. एक संपून तोंड सावरायच्या आत दुसरी. लाळ असती तर सावरणं लवकर झालं असतं, पण तीच नाही. हिरडीलगतच्या तपकिरी कडा म्हणजे याचीच खूण. कोरड्या तोंडात कीड नेमकी तिथे धरते, आणि एरवी किडीपासून बऱ्यापैकी सुरक्षित असणाऱ्या खालच्या पुढच्या दातांनाही सोडत नाही.

किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिली हे महत्त्वाचं. स्वीडनमधल्या व्हिपेहोम इथल्या संस्थेत 1940 च्या दशकाच्या मध्यापासून झालेल्या प्रयोगात हे अगदी ठळक दिसलं. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांची कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांची झपाट्याने वाढली. हा प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर, त्यांची संमती न घेता केला गेला होता. त्यांचे दात त्यात मुद्दाम खराब केले गेले. आपल्याला हे ज्ञान त्यांच्या सोसण्यातून मिळालं आहे, म्हणून ते वाया घालवू नये असं मला फार वाटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: सगळे दात बदलले तर कटकट संपेल का? नाही संपणार. क्राऊन किडत नाही, पण क्राऊनखाली तुमचाच दात असतो. क्राऊनची कड जिथे दाताला मिळते, तिथेच, हिरडीलगत, कीड शिरते. आणि तुमची कीड आत्ता नेमकी तिथेच आहे. माझ्याकडे असे रुग्ण येतात. वरून क्राऊन लखलखीत असतो. आरशाने ओठ बाजूला करून बारीक टोकाचं हत्यार कडेवरून फिरवलं की ते एका जागी लोण्यात रुतावं तसं रुततं. काही वेळा क्राऊन हातातच येतो, आणि त्याच्या आत मोडलेल्या दाताचा काळा खुंट असतो. आधी रूट कॅनल झालेलं असेल तर नस नसल्यामुळे कळही येत नाही, त्यामुळे दात मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. एक दात असा गेला तर वाईट वाटतं. 20 क्राऊन एकाच आठवड्यात बसले असतील आणि तोंड तसंच कोरडं असेल, तर हे एकामागून एक होईल. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्या भोवतालच्या हिरडीला सूज येऊन हाड झिजू शकतं, आणि एकदा ते सुरू झालं की आवरणं कठीण जातं.

म्हणून कुठे उपचार घ्यायचे हा प्रश्न मी दुसरा मानते. पहिला प्रश्न, कीड थांबली आहे का?

तरीही परदेशातल्या प्रस्तावाबद्दल बोलायलाच हवं. परदेशात गेलं की काम वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेस या छोट्या गावात काही गल्ल्यांमध्ये शेकडो डेंटिस्ट आहेत आणि अमेरिकेतून माणसं पायी सीमा ओलांडून तिथे जातात. हंगेरीतलं मोशोनमग्यारोवार हे ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं गाव याच कामासाठी ओळखलं जातं. तिथे उत्तम काम करणारे लोक आहेत. पण या गावांचं बस्तान का बसलं ते पाहा. रुग्णाला परत जाणं सोपं आहे. क्राऊन उंच लागला, हिरडी सुजली, टाके काढायचेत, तर गाडी काढून त्याच डॉक्टरकडे जाता येतं. दातांचं मोठं काम एका बैठकीत संपणारं नसतंच. चावा जुळवावा लागतो, जबडा सरावतो तसा क्राऊन पुन्हा थोडा घासून बसवावा लागतो. तुम्हाला मात्र प्रत्येक वेळी विमानाचं तिकीट काढावं लागेल.

आणि मला जास्त खटकतोय तो 20 चा आकडा. तुमच्या डेंटिस्टने तुम्हाला खुर्चीत बसवून, तपासून 4 क्राऊन सांगितले. फोटो पाहणाऱ्यांनी 20. मधले 16 दात कुठून आले? फोटोत दाताचा रंग दिसतो. दातावर थंड लावल्यावर नस जिवंत आहे का, दात आणि हिरडी यांच्यातला कप्पा किती मिलिमीटर खोल आहे, टकटक केल्यावर दुखतं का, दोन दातांच्या मध्ये कीड आहे का, हे फोटोत दिसत नाही. क्राऊनसाठी दात यंत्राने चहूबाजूंनी घासून बारीक करावा लागतो. हिरडीच्या वर दिसणाऱ्या भागाचा निम्म्याहून अधिक हिस्सा त्यात जातो, आणि गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. धडधाकट दात असा घासला की काहींची नस पुढे काही वर्षांत मरते, मग त्याच क्राऊनला भोक पाडून रूट कॅनल. चांगला क्राऊनसुद्धा साधारण 10 ते 15 वर्षं चालतो असं धरतात. तुम्ही 54 च्या आहात. म्हणजे हे 20 च्या 20 आयुष्यात आणखी एकदा, कदाचित दोनदा बदलावे लागतील, आणि प्रत्येक वेळी खालचा दात आणखी बारीक होत जाईल. तुर्कीला जाऊन पांढरेशुभ्र दात बसवून येण्याची लाट ब्रिटनमधल्या तरुणांमध्ये आली, तेव्हा ब्रिटिश डेंटल असोसिएशनने याच गोष्टीबद्दल लोकांना सावध केलं होतं. दात घासून टाकायचा निर्णय मागे घेता येत नाही.

इम्प्लांट आणि एक आठवडा यांचंही जमत नाही. स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना 1950 च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट धरून बसतं असं दिसलं आणि 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. सगळी पद्धत उभी आहे ती हाडाने धातूला धरण्यावर, आणि हाडाला त्यासाठी सहसा 3 ते 6 महिने लागतात. काही निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरते दात लावता येतात, पण ते तात्पुरतेच. तेव्हा तुमच्या कोटेशनमध्ये कायमचे दात बसवायला दुसरी फेरी धरली आहे का? नसेल तर एक तर काम तात्पुरतं आहे किंवा घाई आहे. दुसऱ्या फेरीचं भाडं आणि रजा कुणी हिशेबात घेतलेली नाही, असंही असेल.

शिवाय दाढा दोनच गेल्या असताना 4 इम्प्लांट कशाला, हेही विचारा. गेलेला प्रत्येक दात भरून काढलाच पाहिजे असं नाही. डच संशोधक आर्न्ड कायसर यांनी 1980 च्या सुमारास दाखवलं की मागच्या काही दाढा नसतानाही बहुतेकांचं चावणं नीट चालतं. जपानने 1989 पासून "8020" ही मोहीम चालवली, 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात. तिथेही लक्ष्य 32 नाही. तुमचे बरेचसे दात तोंडात आहेत. ते राखणं हीच तुमची खरी बचत.

काम बिघडलं तर काय, याचा विचार माणसं जाण्यापूर्वी करत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. उत्साहात असतो आपण. पण परत आल्यावर पहिल्याच महिन्यात इम्प्लांटवरचा दात हलायला लागला तर घरचा डेंटिस्ट काय करेल ते पाहा. आतला स्क्रू घट्ट करायचा तर त्या कंपनीचा, त्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्या शेकड्याने आहेत आणि एकाचं हत्यार दुसऱ्याला बसेलच असं नाही. रुग्णाकडे कागद नसतो. मग एक्स-रेवर स्क्रूचे आटे बघायचे, आकार ताडायचा, एकेक टोक लावून पाहायचं. दोन मिनिटांच्या कामाला एक दुपार जाते, आणि तरी जमेलच असं नाही. दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी अंगावर घ्यायला बरेच डॉक्टर कचरतात, तेही समजण्यासारखं आहे. गॅरंटी असते, पण बहुतेक वेळा "दरवर्षी आमच्याकडे तपासणीला आलात तर" अशी अट असते, आणि गॅरंटीत क्राऊन मिळतो, विमानभाडं नाही. तक्रार करायची तर ती त्यांच्या देशात, त्यांच्या कायद्याने. प्रवासाचा विमा ठरवून घेतलेल्या उपचारांना आणि त्यातून उद्भवलेल्या त्रासाला सहसा लागू होत नाही.

मग आता काय करायचं? मी तुमच्या जागी असते तर पुढचे तीन-चार महिने फक्त कीड थांबवण्याला दिले असते, आणि आगाऊ रक्कम आत्ता भरली नसती. घाई करायला लावणारी सवलत हे वैद्यकीय कारण नव्हे.

सुरुवात ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात त्यांच्यापासून करा. नैराश्यावरची गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. दात महत्त्वाचे आहेत, पण तुमचं मन त्याहून महत्त्वाचं आहे. त्यांना फक्त सांगा की तोंड इतकं कोरडं पडतं की दात चाललेत. काही वेळा औषध बदलता येतं, मात्रा किंवा वेळ बदलता येते, ॲलर्जीसाठी कमी कोरडेपणा आणणारी गोळी मिळते. डोळेही कोरडे, चुरचुरीत वाटत असतील तर तेही सांगा, कारण लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर परिणाम करणारा श्योग्रेन नावाचा आजार असतो, आणि तो बायकांमध्ये, तुमच्याच वयात जास्त सापडतो. रक्तातली साखरही एकदा तपासून घ्या.

पर्समधल्या गोळ्या आजच काढून टाका. त्यांच्या जागी झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) साखर नसलेलं च्युइंगगम ठेवा. चघळण्याने उरलीसुरली लाळ वाहायला लागते. पाण्याचे घोट अधूनमधून घ्या, साधं पाणी. गोड चहा, सरबत, बिस्किटं घ्यायची असतील तर जेवणासोबत किंवा ठरलेल्या वेळी, दिवसभर थोडं थोडं नको.

टूथपेस्ट फ्लोराइडची, 1350 ते 1500 पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग फ्लोराइड). आकडा ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेला असतो. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि दिवसातून आणखी एकदा, दोन-दोन मिनिटं. आणि घासून झालं की फेस थुंकून टाका, पाण्याने खळखळून चूळ भरू नका. आपल्याला लहानपणापासून उलटं शिकवलेलं असतं, म्हणून हे जड जातं. पण चूळ भरली की जे फ्लोराइड दातावर रात्रभर राहायला हवं ते बेसिनमध्ये जातं. झोपेत लाळ आणखी कमी होते, त्यामुळे रात्रीचं घासणं तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं. त्यानंतर पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही. दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फटीच्या मापाचा बारीक ब्रश फिरवा. कोणतं माप कुठे, ते डेंटिस्टकडून एकदा आरशात दाखवून घ्या. काही आंबट खाल्लं-प्यालं असेल तर लगेच घासू नका, पाण्याने तोंड धुऊन अर्धा तास थांबा.

तुमच्या डेंटिस्टला विचारा, की तुमच्यासारख्या जास्त धोक्याच्या तोंडासाठी 5000 पीपीएमची पेस्ट लिहून देता येईल का, आणि दर तीन महिन्यांनी फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराइडचा लेप, लावता येईल का. वार्निश पाच मिनिटांत लावून होतं, दुखत नाही, आणि त्याचा खर्च एका क्राऊनपुढे किरकोळ असतो. सुरुवातीची कीड, जिथे अजून खड्डा पडलेला नाही, ती यातून खरोखर थांबते, पृष्ठभाग पुन्हा कडक होतो. डाग राहील कदाचित, पण दात राहील.

आणि हसण्याचं काय? त्यासाठी वर्षभर थांबायची गरज नाही. पुढच्या दातांच्या तपकिरी कडा कॉम्पोझिट नावाच्या, दाताच्या रंगाच्या फिलिंगने सहसा एक-दोन बैठकींत भरता येतात, दात फारसा न घासता. डेंटिस्टला सांगा, माझ्या यादीतलं हे काम सगळ्यात आधी करा. डॉक्टर दुखणाऱ्या दाढेपासून सुरुवात करतात, त्यांना तुमच्या मनातलं कसं कळणार? तुम्ही सांगितलंत तर क्रम बदलता येतो.

बाकीच्या यादीचंही असंच. एकेका दातावर बोट ठेवून विचारा, हे आत्ता केलं नाही तर काय होईल? काही कामं तातडीची निघतील, काही वर्षभर थांबू शकतील, काहींना स्वस्त पर्याय असेल. दोन दाढांच्या जागी इम्प्लांटऐवजी काढता-घालता येणारी अर्धी कवळी, किंवा तूर्त काहीच नाही, हेही मान्य पर्याय आहेत. आकडा तरीही पेलवत नसेल तर डेंटल कॉलेजच्या रुग्णालयात जा. वेळ जास्त लागतो, पण शिकणाऱ्यांच्या डोक्यावर अनुभवी प्राध्यापक उभे असतात आणि खर्च बराच कमी येतो. दुसऱ्या डेंटिस्टचं मतही घ्या. त्यात पहिल्याचा अपमान होत नाही.

हे सगळं करून, कीड तीन-चार महिने शांत राहिल्यावर, इम्प्लांटसाठी परदेशी जावंसं वाटलं तर मी अडवणार नाही. ज्या देशात तुमची वर्षाकाठी एखादी फेरी तशीही होत असेल, जिथे नातलगांकडे राहता येईल, तिथे हा विचार आणखी रास्त ठरतो. पण मग क्लिनिककडून लेखी मागा: प्रत्येक दाताचा क्रमांक आणि त्यावर काय व का करणार, कोण करणार आणि त्याची नोंदणी कुठे आहे, इम्प्लांटची कंपनी कोणती, फेऱ्या किती, बिघडलं तर पैसे कोण भरणार. तिथे पोचल्यावर तपासून योजना बदलली तर नकार देण्याची मुभा आणि रक्कम परत, हेही त्यात हवं. परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा. वरच्या जबड्यात सायनसजवळ हाड भरण्याचं काम होणार असेल तर विमानात कधी बसायचं ते आधी विचारून ठेवा, कारण हवेच्या दाबातल्या बदलाचा तिथे त्रास होऊ शकतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याच्या किंवा इम्प्लांटच्या आधी सांगायलाच हवं, जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनीही इम्प्लांट फसतात. आणि निघण्यापूर्वी घरच्या डेंटिस्टला स्पष्ट विचारा, मी हे काम करून आले तर पुढची देखभाल तुम्ही कराल का? ते नाही म्हणाले तर हो म्हणणारा कुणीतरी जाण्याआधी शोधा.

ज्यांचं काम परदेशात आधीच होऊन गेलंय, अशाही काहींची पत्रं आली आहेत. त्यांनी आजच्या आज क्लिनिकला मेल करून इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट क्रमांक, क्राऊन कशाचे आहेत, आणि आधीचे-नंतरचे सगळे एक्स-रे मागून घ्यावेत. क्लिनिक बंद पडल्यावर हे मिळत नाही. ते कागद घेऊन घराजवळच्या डेंटिस्टकडे जावं आणि काही दुखत नसतानाच एकदा पूर्ण तपासणी व नवा एक्स-रे करून ठेवावा, म्हणजे पुढे हाड झिजलं तर कशाशी ताडायचं ते हाताशी राहील. ब्रिजच्या (शेजारच्या दातांना जोडून बसवलेल्या कृत्रिम दातांच्या) किंवा इम्प्लांटच्या दातांच्या खालून फिरवायचा जाड फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा दोरा, मिळतो, तो कसा ओवायचा ते तिथेच शिकून घ्यावं. आणि क्राऊनच्या कडेला जीभ अडकायला लागली, घासताना एकाच जागी रक्त येत राहिलं, किंवा कुठून तरी वाईट चव यायला लागली, तर दुखण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावं.